अलार्म वाजतो, पण साखर कोण देणार?

रात्रीचे पावणेतीन. उशाशी ठेवलेला मोबाइल किंचाळायला लागला तशी मी धडपडत उठले. स्क्रीनवर आकडा ५१, आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण. लेकीच्या खोलीत गेले तर तिचा मोबाइलही वाजत होता, तिच्या कानापासून हातभर अंतरावर. तिच्या दंडावरच्या सेन्सरनं दोन भिंतींपलीकडे मला उठवलं होतं, पण ती मात्र गाढ झोपलेली होती. चादर घामानं ओलीचिंब. हलवलं तर पुटपुटली, "मला नाही जायचं, आज सुट्टीय." तिला बसतं केलं, नाव घेऊन दोनदा हाक मारली, ती गिळू शकतेय याची खात्री केली आणि वाटीत कालवलेलं ग्लुकोजचं पाणी चमच्यानं ओठांशी नेलं. तिनं मान फिरवली. अर्धं उशीवर सांडलं, अर्धं पोटात गेलं. पंधरा मिनिटांनी बोट टोचून पाहिलं, ८३. मग मी तिथंच पलंगाच्या कडेला बसून राहिले.

सकाळी उशीच्या अभ्र्यावर मुंग्यांची रांग लागली होती. तिला रात्रीचं काहीच आठवत नव्हतं.

तिला टाइप १ मधुमेह झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आता सतराची आहे. या आठ वर्षांत एक प्रश्न मला सोडत नाही. दंडावर चिकटवलेलं एवढंसं यंत्र दर काही मिनिटांनी तिची शुगर मोजतं आणि ती उतरतेय हे मला दुसऱ्या खोलीत कळवतं. मग ते तिला वाचवणारं औषध स्वतःच का देत नाही? उत्तर शोधताना कळलं की असं यंत्र करणं माणसाच्या आवाक्यातलं आहे, पण सगळ्यात मोठी अडचण यंत्रात नव्हतीच. ती औषधात होती.

आधी साखरेचा हिशोब पाहू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. शुगर १०० आहे असं आपण म्हणतो तेव्हा दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. गुणाकार केला की सगळ्या रक्तात मिळून होतात फक्त पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. शुगर ५० झाली म्हणजे अर्धा चमचा उरला. आणि एकटा मेंदूच तासाला साधारण एक पूर्ण चमचा ग्लुकोज खातो. मेंदूकडे स्वतःचं असं कोठार जवळजवळ नसतंच, त्यामुळे रक्तातला चमचा रिकामा व्हायला लागला की पहिला तोच गडबडतो. माणूस चिडतो, भलतंच बोलतो, अडखळतो, त्याला समोरचं धड दिसत नाही. आणखी खाली गेलं की झटके येतात, शुद्ध हरपते.

मग एकादशीला दिवसभर उपाशी राहणारी निरोगी माणसं कोसळत का नाहीत? कारण यकृतात जवळपास १०० ग्रॅम ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेलं असतं. रक्तातली साखर उतरू लागली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडणं थांबवतं आणि दुसरं एक संप्रेरक सोडतं, ग्लुकागॉन. हे यकृताला सांगतं, कोठार उघड. इन्शुलिनचं नाव घरोघरी पोचलंय, या जोडीदाराचं मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. खरं तर इन्शुलिन सापडल्यानंतर दोनच वर्षांनी, १९२३ मध्ये, अमेरिकेत किंबल आणि मर्लिन या दोघांना स्वादुपिंडाच्या अर्कात साखर वाढवणारा हा घटक आढळला आणि त्यांनीच त्याला ग्लुकागॉन हे नाव दिलं.

टाइप १ मध्ये इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट होतात, हे डॉक्टर पहिल्याच दिवशी सांगतात. पण शेजारच्या, ग्लुकागॉन बनवणाऱ्या अल्फा पेशींचं काय होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या जिवंत राहतात, पण काही वर्षांतच शुगर लो झाल्याची हाक त्यांना ऐकू येईनाशी होते. कोठार भरलेलं, किल्ली घरातच, पण किल्ली फिरवणारा बहिरा. शिवाय टोचलेलं इन्शुलिन परत घेता येत नाही. जेवणाआधीचं झटपट काम करणारं इन्शुलिनसुद्धा तीन-चार तास आपलं काम करत राहतं, मग मूल अर्ध्या पोळीवर ताटावरून उठलेलं असो की संध्याकाळी दोन तास खो-खो खेळून आलेलं असो.

तिसरा पहारेकरी म्हणजे अ‍ॅड्रेनलिन. हात थरथरणं, छातीत धडधडणं, दरदरून घाम फुटणं, एकाएकी कडकडून भूक लागणं ही सगळी त्याची आणि त्याच्यासोबत जागं होणाऱ्या मज्जासंस्थेची कामं. पण शुगर वारंवार लो होत राहिली की हाही सुस्तावतो. मग माणसाला ५५ वरही काही जाणवत नाही आणि ४५ वर एकदम शुद्धच जाते. झोपेत तर तो आधीच मंद असतो. लेक अलार्मनं उठली नाही याचा मला सुरुवातीला राग यायचा. शुगर तेवढी खाली गेलेली असताना ज्या मेंदूनं अलार्म ऐकायचा, तोच अर्धपोटी असतो, हे समजलं आणि त्या रागाची फार लाज वाटली.

डॉक्टर ७० च्या खाली शुगर गेली की लो म्हणतात आणि ५४ च्या खाली गेली की गंभीरपणे घेतात. पण सगळ्यात वरच्या पायरीला, ज्याला ते 'सिव्हियर' म्हणतात, तिथं आकडाच नाही. तिथली व्याख्या अशी आहे: ज्या वेळी सावरायला दुसऱ्या माणसाची मदत लागते, ती वेळ. ही व्याख्या नीट मनात ठेवा, कारण अंगावर घालायच्या उपचार-यंत्राला नेमकी या दुसऱ्या माणसाची जागा घ्यायची आहे.

आणि ही वेळ औषधाला आळशीपणा केलेल्यांवरच येते असं नाही. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातला १,४४१ जणांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शुगर कडक ताब्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वाचतात, हे त्यानं पक्कं केलं. त्याच अभ्यासात कडक उपचार घेणाऱ्या गटात शुगर धोकादायक लो होण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट होतं. म्हणजे जो जास्त काटेकोर, तो कड्याच्या जास्त जवळ. 'पथ्य पाळलं नसेल' असं कुणी सहज म्हणून जातं तेव्हा मला हे आठवतं.

आता यंत्रांकडे येऊ. पहिली पिढी फक्त सांगणारी. २००१ मध्ये अमेरिकेत ग्लुकोवॉच नावाच्या मनगटी यंत्राला मान्यता मिळाली. सौम्य विद्युतप्रवाहानं ते कातडीतून द्रव खेचून त्यातली साखर मोजायचं. कातडी लाल व्हायची, खाज सुटायची. पण त्याहून मोठा दोष असा होता की घाम आला की ते मोजमाप वगळायचं. शुगर लो झाल्यावर आधी येतो तो घामच! ज्या क्षणासाठी घड्याळ बांधायचं, त्याच क्षणी ते मुकं व्हायचं. काही वर्षांत ते बाजारातून गेलं.

आताचे सेन्सर त्यापेक्षा कितीतरी भरवशाचे आहेत. दंडावर किंवा पोटावर चिकटवायची नाण्याएवढी चकती, तिच्या पोटाशी केसासारखी बारीक तार, आणि तारेवर ग्लुकोजशी अभिक्रिया करणारं विकर, म्हणजे एन्झाइम. त्यातून तयार होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजून आकडा मोबाइलवर येतो, काही सेन्सरमध्ये दर मिनिटाला, काहींमध्ये दर पाच मिनिटांनी. फक्त एक गोष्ट विसरायची नाही. ही तार रक्तात नसते, कातडीखालच्या पेशींमधल्या द्रवात असते. रक्तातली साखर तिथपर्यंत झिरपायला काही मिनिटं जातात. शुगर वेगानं उतरत असेल तर सेन्सर ६५ दाखवत असताना रक्तात ५५ असू शकतं. साखर दिल्यावर उलटं होतं, रक्त सावरलेलं असतं आणि सेन्सर अजून खालचाच आकडा दाखवत बसतो. घाबरून आपण आणखी साखर भरवतो आणि पहाटेपर्यंत शुगर अडीचशेवर जाते. म्हणून लो झाल्यावरची तपासणी बोट टोचूनच करावी. दुसरी फसगत कुशीवर झोपण्याची. सेन्सरचा दंड अंगाखाली दाबला गेला की आकडा खोटाच खाली येतो. आमच्याकडे आठवड्यातून एखादी रात्र या खोट्या अलार्मात जाते.

आपल्याकडे दोन आठवडे चालणाऱ्या एका सेन्सरला चार-पाच हजार रुपये पडतात, शिवाय मे महिन्यात घामानं चिकटपट्टी सुटते ती वेगळीच. त्यामुळे स्वस्त पर्यायाचा मोह होणं साहजिक आहे, आणि म्हणूनच हे ठासून सांगते. सुई न टोचता शुगर दाखवणारी जी मनगटी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन विकल्या जातात, त्यांतल्या एकालाही मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. सेन्सरचा आकडा फक्त स्क्रीनवर उतरवून दाखवणारं घड्याळ वेगळं, ते चालतं. पण जे स्वतःच मोजल्याचा दावा करतं, त्याच्या आकड्यावर इन्शुलिन टोचू नका आणि मुलाला त्याच्या भरवशावर झोपवू नका.

अलार्मनं जाग न येण्याचं दुखणं आमच्या घरापुरतं नाही. अमेरिकेतल्या डेना लुईस या तरुणीला टाइप १ होता, ती एकटी राहायची आणि सेन्सरच्या अलार्मनं तिला जाग येत नसे. २०१३ मध्ये तिनं इतरांच्या मदतीनं सेन्सरचा आकडा बाहेर काढून मोठ्यानं वाजणारा स्वतःचा अलार्म बनवला. त्यावरून काम पुढं सरकत गेलं आणि स्वतःहून इन्शुलिन कमी-जास्त करणारी घरगुती प्रणाली उभी राहिली. २०१५ मध्ये तिनं आणि तिच्या सोबत्यांनी ती सगळ्यांसाठी खुली केली. कंपन्यांची वाट न पाहणाऱ्या अशा रुग्णांनी आणि पालकांनी या क्षेत्राला फार पुढं ढकललंय.

दुसरी पिढी थांबवणारी. इन्शुलिन पंप म्हणजे कमरेला अडकवायची पेजरएवढी डबी. ती कातडीखालच्या बारीक नळीतून दिवसभर थेंबाथेंबानं इन्शुलिन सोडते. सेन्सरचा आकडा ठरलेल्या रेषेखाली गेला की पंपानं स्वतःच इन्शुलिन तोडायचं, अशी सोय युरोपात २००९ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये आली. कुणी उठलं नाही तरी पंप दोन तासांपर्यंत बंद राहतो. २०१३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या २४७ जणांच्या चाचणीत रात्रीच्या लो शुगरचा एकूण भार, म्हणजे किती खाली गेली आणि किती वेळ राहिली याचा एकत्र हिशोब, सुमारे ३८ टक्क्यांनी उतरला. पुढचे पंप आणखी शहाणे झाले. शुगर अर्ध्या तासानं कुठं असेल याचा अंदाज बांधून ते आधीच हात आखडता घेतात. या घडीला सर्वसाधारण रुग्णाला मिळू शकणारं हेच सगळ्यात चांगलं यंत्र आहे, यात मला शंका नाही. आम्हाला ते परवडलं नाही, आम्ही इन्शुलिन टोचायचं पेन आणि सेन्सरवर आहोत.

तरी हा ब्रेकच आहे. उतारावर ब्रेक दाबला म्हणून गाडी मागं फिरून चढ चढत नाही. पंप बंद झाला तरी गेल्या तीन तासांत कातडीखाली गेलेलं इन्शुलिन झिरपतच राहतं.

म्हणून तिसरी पिढी हवी, देणारी. द्यायचं काय? बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर घालता येत नाही, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. शिरेतून ग्लुकोज द्यायला दवाखाना लागतो. उरतं ते ग्लुकागॉन. मोठ्या माणसाला एक मिलिग्रॅम कातडीखाली किंवा स्नायूत टोचलं की दहा-पंधरा मिनिटांत यकृताचं कोठार उघडतं. एक मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे काही कण. एवढं औषध अंगावरच्या डबीत ठेवायला कितीशी जागा लागणार?

पण ग्लुकागॉनला पाणी सोसत नाही. पाण्यात कालवलं की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांबच लांब तंतू बनवायला लागतात, आणि द्रावणाची हळूहळू खळ होते. राहिलेल्या पाकाला तार येऊन तो घट्ट होतो ना, तसंच काहीसं. ती खळ पंपाच्या केसाएवढ्या नळीतून जात नाही, आणि औषधाचा गुणही उतरतो. इन्शुलिन पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतं, म्हणून त्याचा पंप झाला. ग्लुकागॉन टिकत नाही, म्हणून अनेक दशकं ते एका डबीत भुकटीच्या रूपात बसून राहिलं. कुपीत भुकटी, सुईत पाणी. पाणी कुपीत सोडा, हलवा, पुन्हा सुईत ओढा, टोचा. मुलाला झटके येत असताना, थरथरत्या हातांनी.

हे किती अवघड आहे ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. त्यात माणसाच्या पुतळ्यावर आणीबाणीचा प्रसंग उभा केला होता. रुग्णाची काळजी घेणाऱ्या, आधी शिकवून तयार केलेल्या १६ जणांपैकी फक्त दोघांना या डबीतून पूर्ण डोस देता आला. त्यांनाच नाकात फवारायची ग्लुकागॉनची भुकटी दिली तेव्हा १५ जणांना जमलं. ही नाकातली भुकटी २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. श्वास आत ओढावा लागत नाही, नाकाच्या अस्तरातून औषध आपोआप शोषलं जातं. त्याच वर्षी पाण्याऐवजी दुसऱ्या द्रावकात विरघळवलेलं, तयार भरलेलं इंजेक्शन आलं. २०२१ मध्ये डासिग्लुकागॉन आलं. ग्लुकागॉनची साखळी २९ अमिनो आम्लांची, तिच्यातली सात बदलून ती पाण्यात टिकेल अशी केलेली. आपल्याकडे मात्र साधं ग्लुकागॉनही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. आम्हाला ते दोनदा सांगून, आठवडाभर थांबून मिळालं, आणि मुदत संपली तेव्हा पुन्हा तीच पायपीट.

औषध टिकवण्याच्या वाटा अशा सापडत होत्या, तसं यंत्राचं कामही चालू होतं. त्यात दोन माणसांची नावं घ्यायलाच हवीत. बोस्टन विद्यापीठातले अभियंते एड डॅमियानो यांच्या मुलाला तो अकरा महिन्यांचा असताना टाइप १ झाला, आणि त्यांनी इन्शुलिन व ग्लुकागॉन दोन्ही सोडणारं 'बायोनिक पॅन्क्रियाज' बनवायचा ध्यास घेतला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २० मोठी माणसं पाच दिवस ते यंत्र घेऊन बोस्टनमध्ये हिंडली-फिरली, ३२ किशोरवयीन मुलं मधुमेहींच्या उन्हाळी शिबिरात ते लावून खेळली. तेव्हाचं ग्लुकागॉन पाण्यातलंच, त्यामुळे रोज ताजं भरावं लागे. पुढं २०२३ मध्ये त्यांच्या आयलेट या पंपाला अमेरिकेत मान्यता मिळाली, पण फक्त इन्शुलिनपुरती. दुसरे नेदरलँड्सचे रॉबिन कूप्स. ते स्वतः टाइप १ चे रुग्ण. त्यांच्या इनरेडा या यंत्रात दोन्ही संप्रेरकं आहेत आणि २०२० मध्ये त्याला युरोपात मान्यता मिळाली. म्हणजे लो शुगरवर स्वतः उपचार करणारं, अंगावर वागवायचं यंत्र जगात आहे. स्वादुपिंडाचं काम ते दोन्ही बाजूंनी करतं, शुगर वर गेली तर एक नळी, खाली आली तर दुसरी.

तिसरी कल्पना मला फार भावली, कारण ती पाण्याशी भांडतच नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात सिद्धार्थ कृष्णन, डॅनियल अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये साधारण आपल्या पाच रुपयांच्या नाण्याएवढं एक यंत्र प्रसिद्ध केलं. हे कातडीच्या वर नाही, खाली बसवायचं. आत ग्लुकागॉन कोरड्या भुकटीच्याच रूपात, आणि त्यावर निकेल-टायटॅनियमच्या खास मिश्रधातूचं झाकण. या धातूला आपला आकार आठवतो. सपाट पट्टी ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की वाकून इंग्रजी यू अक्षरासारखी होते. बाहेरून बिनतारी इशारा आला की बारीकसा विद्युतप्रवाह पट्टीला तापवतो, पट्टी वाकते, भुकटी बाहेर पडते आणि अंगातल्याच द्रवात विरघळते. पाण्याशी गाठ पडते ती अगदी शेवटच्या क्षणी, जेव्हा ती पडायलाच हवी. मधुमेही उंदरांमध्ये भुकटी सुटल्यावर दहा मिनिटांच्या आत शुगर सावरू लागली. शरीर परक्या वस्तूभोवती व्रणासारखी पेशींची भिंत उभारतं, ती उभी राहिल्यावरही यंत्र चाललं. पण हे उंदरांमध्ये, काही आठवड्यांसाठी. माणसापर्यंतची वाट लांब आहे.

ग्लुकागॉनची मर्यादा यंत्र कितीही हुशार झालं तरी राहणार. किल्ली फिरवून उपयोग तेव्हाच, जेव्हा कोठारात काही असेल. लांबलेल्या उपासानंतर, उलट्या-जुलाबानं पोट रिकामं झाल्यावर किंवा दारू भरपूर प्यायल्यावर यकृत हवी तेवढी साखर देऊ शकत नाही. नवरात्राचे नऊ दिवस धरणाऱ्या आणि इन्शुलिन घेणाऱ्या माणसानं हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं, मग उपास ठरवावा.

आणि यंत्रानं निर्णय चुकवला तर? खोट्या आकड्यावर जास्तीचं इन्शुलिन गेलं तर जीव धोक्यात येतो. खोट्या आकड्यावर ग्लुकागॉन गेलं तर मळमळेल, कदाचित उलटी होईल, शुगर काही तास वर राहील. दोन्ही चुकाच, पण सारख्या नाहीत. म्हणून केवळ आणीबाणीसाठी असलेल्या यंत्राला शंका आली तर त्यानं औषध द्यावं, या बाजूला माझा कौल आहे. मात्र आत डोस एक-दोनच असतील, तर मी म्हणेन की एका आकड्यावर तो खर्च होऊ नये. आकडा ५० च्या खाली, बाण अजून खालीच, अलार्म वाजून दहा मिनिटं झाली आणि कुणीही बटण दाबलेलं नाही, असं सगळं जुळलं की द्यावं.

तोपर्यंत दुसरा माणूस आपणच. शुद्धीवर आणि गिळू शकणाऱ्या माणसाला १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. पेढा, लाडू, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-लोण्यानं साखर उशिरा चढते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण तिचं विघटनच ती गोळी अडवते. त्यांच्या घरी ग्लुकोज पावडरच हवी. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आला. त्यातले बहुतेक टाइप २ चे आहेत आणि त्यांच्या दंडावर कुठलाही सेन्सर नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण टाळलेल्या आजोबांची शुगरही अशीच घसरते, आणि एकदा सावरली तरी काही तासांनी पुन्हा घसरू शकते. त्यांना दवाखान्यात न्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, ग्लुकागॉन असेल तर द्या, १०८ ला फोन करा. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं यात फक्त वेळ जातो. आणि लो झालेल्या मुलाला 'जा, ऑफिसमध्ये जाऊन बस' म्हणून एकटं कधीच पाठवू नका. माझ्या लेकीला शाळेत एकदा असंच पाठवलं होतं. ती जिन्यात बसलेली सापडली, डब्याचं झाकण उघडायचं कसं ते न सुचून.

जूनपासून ती हॉस्टेलला जाणार आहे. माझ्या मोबाइलवर तिचा आकडा तेव्हाही येईल, पण मी असेन दोनशे किलोमीटर लांब. गेल्या रविवारी तिची होणारी रूममेट घरी आली होती. दोघींना जमिनीवर बसवून मी ग्लुकोजचा डबा, ग्लुकागॉनची डबी, मुदत संपलेली एक कुपी आणि सरावाला एक संत्रं असं सगळं मांडलं. ती मुलगी फार लक्ष देऊन ऐकत होती. भुकटीत पाणी सोडून कुपी हलवली, उजेडाकडे धरून पाहिली आणि मग तिनं विचारलं, "काकू, मी घाबरून चुकून दिलं आणि हिला गरजच नव्हती, तर?"

मी म्हटलं, "उलटी करेल आणि दुसऱ्या दिवशी तुझ्यावर चिडेल."

तिनं संत्र्यात सुई खुपसली. मग मोबाइल काढून लेकीला म्हणाली, "तुझा आकडा माझ्याकडे पण लाव."